सातवा पट्टा

चादर हातात धरून मास्तरीण लेक नुसती बघतच राहिली.

तिची आई दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने घरात हातमाग मांडला, जिवाला शांत वाटतं म्हणून. आईने कधी कुणाला उलटून ब्र काढला नाही, याचा लेकीला कोण अभिमान! दर रविवारी ती यायची, फडताळातले डबे उघडून नाक मुरडायची आणि आईला चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावून जायची.

रोजचं विणकाम सुरू करताना आई कडेला एक लाल धागा घालायची. त्यामुळे प्रत्येक दिवसाचा पट्टा वेगळा ओळखू येई. काल, शनिवारी, मागावरून उतरवलेल्या या चादरीत सहा पट्टे मऊसूत होते आणि सातवा पुठ्ठ्यासारखा टणक. पुन्हा सहा मऊ, पुन्हा एक टणक, आणि शेवटी सहा मऊ. धागे ठोकायची फणी दणादण आपटल्याशिवाय असं होत नाही.

लेकीने शनिवारपासून मागे बोटांवर वार मोजले.

"आई, हे सगळे रविवार आहेत गं!"

"हो. तू गेलीस की बसते मागावर," आई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. "मग शांत वाटतं."