घोट्यामागची नाडी

"तोंड बादमध्ये, पहिले पाय दाखवा!"

आमचे डॉक्टरसाहेब खोकला घेऊन आलेल्यालाही हेच फर्मावत. लोक डॉक्टरांचे पाय धरतात, हे गृहस्थ लोकांचे धरत. दौलतगंज मोहल्ल्यातल्या बायका तर पाय घासूनपुसूनच दवाखान्यात यायच्या.

मी नवाकोरा डॉक्टर, त्यांच्या हाताखाली. ते माझाच पाय ओढून शिकवत. "बाहेरचा घोटा आतल्याहून जरा खाली हवा. नसला तर काहीतरी मोडलंय, समज. आतल्या घोट्यापुढे ही शीर. पटकीचा रोगी गार पडला तरी सलाइन इथं चढतं. आणि मागे, टाचेकडच्या खळग्यात, नाडी. ती हरवली की पाय धोक्यात!" मला गुदगुल्या होताहेत याचं त्यांना काही नव्हतं.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. खासगी बाजार मोहल्ल्यातले एक म्हातारे सरदार टांग्यातून आले. उजवा पाय टम्म सुजलेला, बोटं गार, आणि घोट्यावर सोन्याचा तोडा रुतलेला. पायात सोनं घालायचा मान महाराजांनी दिलेला. नाडी बघायला बोट आत शिरेना.

"तोडा कापावा लागेल."

"दरबारनं घातलाय. उतरवायचा तर दरबारच उतरवेल."

"दरबार विलीन झाला, सरदारसाहेब! आता तुमचा पाय विलीन व्हायच्या बेतात आहे!"

म्हातारबुवा संतापले आणि लंगडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला आणि एका सोनाराला घेऊन त्यांच्या घरी. डॉक्टरांच्या डोक्यावर कसर लागलेली दरबारी पगडी! दारातच वाकून मुजरा. "दरबारचा जुना चाकर आहे. तोडा उतरवायला आलोय." पगडी कानावर घसरली, मला हसू आवरेना. सरदार मात्र लहान मुलासारखे रडले आणि त्यांनी पाय पुढे केला.

सोनारानं तोडा कापला. डॉक्टर घोट्यामागे दोन बोटं लावून, डोळे मिटून बसले.

"आहे! हरामखोर आहे!" ते ओरडले. पाय वाचला.

पुढे नव्या राज्याची राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली आणि डॉक्टरांची बदलीही तिकडेच झाली. सरदार दर महिन्याला दवाखान्यात यायचे.

"डॉक्टर आले का?"

"नाही, साहेब. मी बघतो ना नाडी."

"हट! ते आले की बघतील."

पाय पुन्हा बिघडून काळवंडत चालला होता. मला असा राग यायचा म्हणून सांगू!

एक दिवस भोपाळहून डॉक्टर वारल्याची बातमी आली. सांगायला मीच खासगी बाजारात गेलो. सरदारसाहेबांनी धोतर जरा वर घेऊन पाय माझ्यापुढे केला.