बोंबलाच्या पोटातला बोंबील

आमच्या अंधेरीच्या सोसायटीने मासळीवाल्या मावशींची एकदा चौकशी केली. आरोप असा, की त्यांनी बोंबलाच्या पोटात दुसरा बोंबील कोंबून विकला. तक्रारदार स्वतः सेक्रेटरी. रविवारी हौसेने मासे साफ करायला बसले आणि एका बोंबलाच्या पोटातून बोटभर लांबीचा अख्खा बोंबील निघाला. हेतू त्यांनी ओट्यापाशीच ठरवला: वजन वाढवणे. बोंबील वाट्यावर विकतात, तराजूवर नाही, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

आरोप टिकला असता तर मावशींची फाटकाजवळची जागा गेली असती. मढहून बोटीने वर्सोव्याला, तिथून टोपली घेऊन रिक्षाने, अशा त्या येत. सगळे गिऱ्हाईक याच गल्लीतले.

पुढच्या रविवारी कमिटी फाटकावर उतरली. सेक्रेटरींनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

"मावशी, हे काय?"

"बोंबील."

"आणि आतला?"

"तो पण बोंबीलच."

"तो आत कसा गेला?"

"तोंडातून, भाऊ. तुमचं जेवण कुठून जातं?"

खजिनदार हसले आणि लगेच खोकले.

मावशींनी टोपलीतला मोठा बोंबील उचलून त्याचा जबडा फाकवला. तो डोळ्यांच्याही मागेपर्यंत उघडला. आत बारीक दात, सगळे घशाकडे वळलेले. मग पोट चिरले. आत गुलाबी लगदा होता.

"हा जवळा. जास्त करून हाच खातो. बारकी मासळी गावली तर ती. आणि समोर आपलंच पोर आलं तर तेपण. त्याला काय कळतं, कोण कोणाचं?"

"शी!" सेक्रेटरी म्हणाले. "आणि हे तुम्ही आम्हाला खायला घालता?"

इथे आरोपी बदलला. मावशी सुटल्या, बोंबील अडकला. कमिटीने तिथेच अर्धा तास चर्चा केली. एका सभासदाने पापलेट काय खाते याची चौकशी केली. उत्तर ऐकायला मात्र ते थांबले नाहीत. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: मासळीविक्रीस पूर्वीप्रमाणे परवानगी आहे, मात्र विक्रीस आणलेल्या बोंबलाने आधी काही खाल्लेले नसावे.

मावशींनी पुढच्या खेपेला ती उभ्याने, मोठ्याने वाचली.

"म्हणजे मी बसू ना?"

"बसा," सेक्रेटरी म्हणाले.

त्यांनी टोपली उतरवली, वाटे मांडले. पहिले गिऱ्हाईक सेक्रेटरीच होते.

"दोन वाटे. रिकाम्या पोटाचे बघून द्या."

"उपाशीच आणलेत, भाऊ," मावशी म्हणाल्या आणि हाताला लागतील ते पिशवीत टाकले.