खांदेमळणी

कुरुळीत आमच्या खोल्यांमागे मालिश करणारे एक काका राहायचे. परभणीकडचे, अंगाने किरकोळ आणि एकटे. कंपनीत दिवसभर हात वर धरून वेल्डिंग केल्याने माझा खांदा आखडला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी लगेच चोळायला घेतलं नाही. आधी कोमट तेलाचा तळवा नुसता ठेवला. मग गाठ सापडली तिथे अंगठा टेकवला आणि ती आपण होऊन सैल होईपर्यंत थांबले.

"कुठं शिकलात, काका?"

"बैलांवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमी त्यांचे खांदे मळायचो, हळद-तूप लावून. मुका जीव, दुखतंय म्हणत नाही. हातानंच ओळखावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "भाऊ, आईनंतर तुमच्या पाठीला कुणाचा हात लागला का हो?"

मी तोंड उशीत खुपसलं. ते खांदा मळत राहिले.

खांदा लवकरच बरा झाला. तरी पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या दारात उभा होतो.

"परत दुखायला लागलं का?"

"नाही, काका."

त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"बरं झालं आलात," म्हणाले, आणि त्यांनी तेल तापायला ठेवलं.