हमिदाबीचं चिपटं

येरमाळ्याच्या हमिदाबीकडं एक पितळी चिपटं, म्हणजे मापायचं छोटं भांडं, होतं. येडेश्वरीच्या यात्रेत आभाळात फुटणारे शोभेच्या दारूचे गोळे तीच भरायची. प्रत्येक गोळ्याला एकच चिपटं, वरून पट्टी फिरवून. नवऱ्यानं मरताना आपली कारागिरी हिला दिली, असं लोक म्हणत. ती म्हणायची, "त्यास्नी तरी कुणी शिकवलं? म्याच!"

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. यात्रा सरल्यावर तिचे पंच महालिंगप्पा देवळाच्या पायऱ्यांशी तणतणत आले.

"मळ्यातनं बघितलं म्या. गोळे निस्ते काजव्यावानी! त्यातली दारू चोरलीस तू. फुडल्या साली काम बार्शीच्या माणसाला."

हमिदाबीचं पोट कसंही भरलं असतं, पण चोरीचा डाग गेला नसता.

"अप्पा, तुमचा मळा दोन कोसांवर. लांबनं फिकाच दिसणार की!"

शाळेचे मल्लिनाथ मास्तर तिथंच होते. हैदराबादच्या उर्दू मासिकात वाचलेलं त्यांनी सांगितलं. "लई लांबचे काही तारे असेच फुटतात. सगळ्यांचा उजेड सारखा धरायचा. जितका फिका, तितका लांब. त्यावरनं आभाळातलं अंतर काढता येतं म्हणे."

"मग मीबी काढते. अप्पा, माझा गोळा न्या, वाटंल तिथं उडवा. हितंच देवळाच्या पायरीवर बसून उजेडावरनं अंतर सांगते. चुकले तर काम बार्शीला."

दिवेलागणीला महालिंगप्पा गोळा घेऊन माळावर गेले. उजेड फुटला.

"एक कोस," हमिदाबी ठासून म्हणाली.

थोड्याच वेळात अप्पा परतले आणि तिचा आकडा ऐकून मिशीत हसले. "अर्धा कोस! म्हसोबाच्या दगडापाशी उडवला." पायऱ्यांवर हशा पिकला. मास्तरांनी मान खाली घातली.

हमिदाबीनं अप्पांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अर्ध्या कोसावर माझं चिपटं डोळं दिपवतं. दुप्पट लांबचं दिसलं म्हंजी चौथाईच दारू उडाली; बाकीचे तीन हिस्से कुणीतरी काढलेत. अप्पा, आधी कंदिलापासनं लांब सरका, मग धोतराचा सोगा सोडा!"

सोग्यातून दारूची काळी पुरचुंडी निघाली. महालिंगप्पा कानापर्यंत लाल झाले. "चुकलं माझं. माप तुझं खरं हाय, हमिदाबी. काम तुझंच."

तिचे डोळे भरून आले, पण तोंड काही गप्प बसेना.

"मास्तर, त्या ताऱ्यांत दारू कोण भरतं?"

"कुणास ठाऊक."

"पट्टी फिरवून भरत असंल तर अंतर खरं निघंल. फकस्त मधी कुणी अप्पा न्हाय ना, तेवढं बघा!"

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते महालिंगप्पाच.