निळं झाकण, पांढरं झाकण

माझ्या मोठ्या जावेच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी माहेरी फोनवर काय बोलले, ते फोन ठेवायच्या आत सासूबाईंना कळलेलं असतं. अशा बाईच्या हाती प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी गुपित द्यावं, म्हणजे कमालच झाली.

ताई, म्हणजे ही माझी जाऊ, तिथे उंदीर सांभाळते. डॉक्टरबाई तीन वर्षं एका झाडाच्या मुळापासून औषध करत होत्या. यकृताच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी त्याचं रक्त तासभर अडवावं लागतं, आणि परत सोडलं की यकृत आणखीच बिघडतं. ते वाचवायचं हे औषध. उंदरांवर तसंच ऑपरेशन करायचं; निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि तपासणाऱ्याला कोणाला काय दिलं ते कळता कामा नये. बाटल्या ताईनेच भरल्या. निळ्या झाकणाच्या बाटलीत काय, पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत काय, ते कागदावर लिहून पाकीट बंद केलं. अकरा आठवडे ब्र काढायचा नाही. आधी फुटलं तर तीन वर्षं पाण्यात.

दुसऱ्याच आठवड्यात ती घरी आली ती हसतच. भांडी घासताना हसे, कपडे वाळत घालताना हसे. भाऊजी म्हणाले, हिला कुणाला तरी दाखवू या. मी खोदून खोदून विचारलं, तर मिठाची गुळणी धरून बसली. असा राग आला म्हणून सांगू!

तिकडे डॉक्टरबाईंची झोप उडालेली. निळ्यावाले उंदीर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी दाण्यावर तुटून पडत, पांढऱ्यावाले कोपऱ्यात मलूल. आणि औषध पांढऱ्यातच असणार, असं बाईंच्या मनाने घेतलं. शेवटी त्यांनी ताईला गाठलं.

"एवढंच सांगा, मी विष तर नाही ना पाजलं?"

"माझं काम राहिलंय," म्हणत ताई सटकली.

पाकीट उघडायच्या दिवशी ती मलाही ओढून घेऊन गेली. कागद वाचून डॉक्टरबाई मटकन खुर्चीत बसल्या. औषध निळ्यात होतं. मग त्या हसत सुटल्या, मीही हसत सुटले, कशाला ते धड कळलंही नव्हतं मला.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या ताईला म्हणाल्या, "आणि नुसतं माझं तोंड बघत राहिलात?"

ताईला एकदम हुंदका फुटला. "तुम्ही गेलात की रोज पिंजऱ्यांसमोर बसून उंदरांना सांगत होते, बाई जिंकल्या म्हणून. कुणाला तरी सांगायला हवंच होतं ना."