क्लच बाबांचा, गिअर माझा

माझ्या बाबांनी वीस वर्षं अर्ध्या कुल्ल्यावर जीप चालवली. उरलेला अर्धा दाराबाहेर, वाऱ्यावर. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते गोरेगाव, आणि बाजाराच्या दिवशी थेट हिंगोली. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. एसटीची वाट बघणाऱ्याला लोक भोळा समजत, त्यामुळे सगळं गाव जीपनेच जायचं. पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चार, मधल्या बाकावर सहा, आणि मागे मोजू नयेत इतके. सगळे बसून जागा उरलीच तर ती ड्रायव्हरची.

एवढ्या गर्दीतसुद्धा एक जागा कुणाला नको असायची. पुढच्या बाकावर ड्रायव्हरला लागून असलेली, गिअरची. गिअरचा दांडा नेमका तिथं बसणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये यायचा. बाया तिथं बसायला तयार नसायच्या, आणि त्यांचं बराबरच होतं. पुरुष बसला तर त्याचे गुडघे आडवे यायचे आणि बाबांना दर गिअरला "मामा, पाय घ्या" म्हणावं लागायचं. मी पाचवीला सेनगावच्या शाळेत जायला लागले तेव्हा बाबांनी ती जागा मला देऊन टाकली. माझे गुडघे लहान होते आणि मी फुकट जाणारी होते, त्यामुळे तक्रारीला वाव नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी जीप इतकी भरली की बाबांचा डावा हात दांड्यापर्यंत पोचेना. मधे मी, माझं दप्तर आणि शेजारच्या म्हाताऱ्याची ज्वारीची पिशवी. वाटेतला चढ लागला, जीप धापा टाकायला लागली. बाबा म्हणाले, "दांडा धर. मी म्हणलो की मागं वढ." त्यांनी क्लच दाबला, "वढ" म्हणाले, आणि मी दोन्ही हातांनी ओढला. गिअर पडला. जीप कुरकुरत का होईना, चढायला लागली. म्हाताऱ्याला काही कळलंसुद्धा नाही. मला मात्र कळलं की जीप मी चालवतेय. निदान अर्धी तरी.

मग तोच रिवाज पडला. क्लच बाबांचा, गिअर माझा. सुरुवातीला ते आकडा सांगायचे, "टाक दोन", "टाक तीन". सहावीत नुसतं "टाक" उरलं. सातवीत तेही गेलं. इंजिनाचा आवाज बदलला की त्यांचा पाय आणि माझा हात एकदमच निघायचे. कधीतरी चुकायचं, नाही असं नाही. मग सगळी जीप करकरायची आणि मागून कुणीतरी विचारायचं, "काहून वो, पोरीला शिकवून राहिले का?" बाबा मान न वळवता सांगायचे, "न्हाई, तीच मला शिकवून राहिली." त्या वयात मी फार गर्विष्ठ होते. अजूनही आहे, पण आता चारचौघांत जरा सांभाळते.

ती लाल गाडी मला पहिल्यांदा दिसली हिंगोलीला, टायरच्या दुकानातल्या कॅलेंडरवर. बाबा पंक्चर काढून घेत होते आणि मी भिंतीकडे बघत होते. बुटकी, जमिनीला चिकटलेली, छप्पर नसलेली. बाबाही येऊन शेजारी उभे राहिले.

"हिच्यात शिटा किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मंग बाकीचे कुठं बसतेत?"

"बाकीचे न्हाईतच, बाबा. आपण दोघंच."

बाबांनी चित्रातल्या ड्रायव्हरच्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे ड्रायव्हरला पुरी शीट." एवढं बोलून ते पंक्चरवाल्याकडे गेले. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की ही गाडी मी बाबांना देणार. बारा वर्षांच्या पोरीला ठरवायला काय लागतं?

पुढे मी शिकले. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागले. नांदेडला होस्टेलवर असताना ड्रायव्हिंग क्लास लावला. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, गिअर मला येतात, वेळ घालवू नका. गाडी सुरू झाली, मी आवाज ऐकला आणि ऐटीत दुसरा टाकायला गेले. असा करकराट झाला की शेजारचा चहावाला टपरीबाहेर आला. "मॅडम, क्लच! क्लच!" मास्तर ओरडले. मी खाली बघितलं. माझा डावा पाय आरामात बाजूला पडला होता. त्या पायाला कधी कामच नव्हतं. "क्लच वडिलांकडे असतो," माझ्या तोंडून निघून गेलं. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्याशी गिअरबद्दल एक अक्षर बोलले नाही.

गिअरबद्दलचा माझा माज मात्र गेला नाही. तो बाबांकडूनच आला होता. बिनगिअरच्या स्कूटर आमच्याकडे दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं, "बिनगिअरची गाडी म्हंजे बिनमिठाचं वरण. पोट भरते, पण जेवल्यावानी वाटत न्हाई." मी ते होस्टेलभर ऐकवलं, मग कारखानाभर. ऑटोमॅटिक गाडी घेणारा माणूस माझ्या लेखी खोटंच ड्रायव्हिंग करत होता.

मग बाबांना शुगर निघाली. चपलेचा खिळा डाव्या तळव्याला लागला, त्यांनी दुर्लक्ष केलं, जखम चिघळली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. ते शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते. बाबा म्हणाले, "गेला तं क्लचचाच गेला." मी हसायचा प्रयत्न केला, आणि मग दवाखान्याच्या जिन्यात जाऊन पोटभर रडले.

नकली पाय लावून ते चालायला लागले, पण जीप गेली. जवळच्या साखरा गावच्या एका पोराला विकली. बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जीपच्या थांब्यावरल्या हॉटेलात बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जीपचे आवाज ऐकायचे. "दुसऱ्यातच रडवून राहिला," असं कुणा ड्रायव्हरबद्दल पुटपुटायचे. माय फोनवर सांगायची, "तुहा बाप दिसभर तिथंच ऱ्हातो. घरी ये म्हणलं की तकलीफ व्हते त्याह्यला."

अशा दिवसांत पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे मला ती दिसली. तीच. लाल, बुटकी, दोन शिटांची. तशा दोन होत्या त्याच्याकडे, एक गिअरची आणि एक ऑटोमॅटिक. मी दोन्हींभोवती फिरत असताना डीलर आला आणि गोड हसून म्हणाला, "मॅडम, ऑटोमॅटिकच घ्या. लेडीजना तेच बरं पडतं."

माझं डोकं फिरलं. मी गिअरची गाडी काढायला लावली, त्याला शेजारी बसवलं आणि पुण्याच्या भर वाहतुकीत असे गिअर टाकून दाखवले की तो दाराचा दांडा धरून बसला. कर्ज, बचत, सगळं गोळा करून मी गिअरचीच घेतली. रागाच्या भरात घेतली म्हणा, पण माझ्याकडे कारणही पक्कं होतं. बाबांचा क्लचचा पाय गेला होता, उजवा हात तर शाबूत होता. आता क्लच माझा आणि गिअर बाबांचा. लहानपणी मी त्यांच्यासाठी जे केलं तेच ते माझ्यासाठी करतील. ही कल्पना मला इतकी आवडली की पुण्याहून गोरेगावपर्यंत मी एकटीच हसत गेले.

गावात शिरताना गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि त्या आवाजाने अर्धं गाव बाहेर आलं. माय गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "आन मी कुठं बसू? डिकीत?" बाबा गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवत गेले. मग डाव्या शीटवर बसले, आणि आम्ही सेनगावच्या रस्त्याला लागलो. मी क्लच दाबला, म्हणाले, "टाका दोन." त्यांनी टाकला. अगदी लोण्यात सुरी गेल्यासारखा. परत येईपर्यंत आम्ही एकदाही चुकलो नाही. थांब्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, शब्द पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन दाराशी आले आणि तिथंच थांबले. गाडी अंगणात होती आणि बाबा ड्रायव्हरच्या शीटवर बसले होते. इंजिन बंद. डावा नकली पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, क्लचवर ठेवला आणि दाबला. पाय घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा क्लच थोडा दबला, आणि पुन्हा पाय निसटून दाराकडे आदळला. मग त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या विहाराच्या भिंतीकडे बघत बसले. पुरी शीट होती. पूर्ण रुंद, कुणाचा गुडघा नाही, कुणाची पिशवी नाही.

मला फार लाज वाटली. मी बाबांना गाडी द्यायला निघाले होते आणि त्यांना पुन्हा गिअरच्या जागेवर बसवून मोकळी झाले होते. त्या जागेवर बसण्याची हौस माझी होती. त्यांना गाडी चालवायची होती.

मी आवाज न करता मागे फिरले, आणि आत जाऊन मोठ्याने मायशी बोलत बाहेर आले. तोवर ते ओट्यावर येऊन बसले होते. मी चहा त्यांच्या हातात दिला.

"बाबा, एक विचारू का? बिनगिअरची आणली तर?"

ते एकदम उखडले. "काहून? मी काय लेकरू हाय का? ते गाडी नव्हं, पाळणा हाय पाळणा."

"क्लचच नसतो तिला. डाव्या पायाचं कामच न्हाई."

बाबांनी चहा संपवला, कपाचा तळ बघितला. मग अगदी हळू विचारलं, "बिलकुलच न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

त्यापुढे त्यांनी वरणाचं नाव काढलं नाही.

पाचव्या दिवशी मी डीलरच्या दारात उभी होते. ऑटोमॅटिक अजून तिथंच होती. त्याने मला बघितलं, गिअरची गाडी बघितली, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. "म्हटलं होतं ना मॅडम. लेडीजना—" मी म्हणाले, "हो. तुमचं बरोबर होतं. कागद काढा." आयुष्यात मी इतकं मोठं खोटं इतक्या सहज कधी बोलले नाही. त्याला घरी जाऊन बायकोला सांगायला एक गोष्ट मिळाली, मला गाडी मिळाली.

डॉक्टरचा दाखला आणि आरटीओच्या चकरा यात दोन महिने गेले. त्या काळात बाबा गावाबाहेरच्या माळावर रोज शिकले. शिकले म्हणजे काय, डावा पाय विसरायला शिकले. नसलेला पाय क्लच शोधत राहतो, असं ते म्हणायचे. मी रजा टाकून शेजारी बसायचे. आधी ब्रेक इतका कचकन लागायचा की माझं कपाळ काचेपर्यंत जायचं. पंधरा-वीस दिवसांत जमलं. लायसन्स हातात आलं त्याच सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभे होते. थांब्यावर जायचं नव्हतं त्यांना त्या दिवशी.

मी डावीकडे बसले. ते ड्रायव्हरच्या शीटवर टेकले, मग नीट सरकून मागे बसले, मग इकडे-तिकडे हलून बघितलं. "पुरी हाय," म्हणाले. गाडी थांब्यावरून गेली तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला नाही, वळूनही बघितलं नाही. लोकच उठून उभे राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, कापूस फुटला होता, आणि माझे बाबा सरळ बसून, कोपर दारावर ठेवून गाडी चालवत होते. माझा उजवा हात मांडीवर पडून होता. त्याला काही काम नव्हतं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तो चढ लागला. इंजिनाचा आवाज खाली उतरला. बाबांची नजर रस्त्यावर होती. ते सवयीनं म्हणाले, "टाक दोन."

माझा हात दांड्यावर गेलासुद्धा. तेवढ्यात गाडीने आपला गिअर आपणच बदलला आणि सरसर चढायला लागली. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांनाही हसू आलं. मी हात काढायला लागले.

"ऱ्हाऊ दे, पोरी," बाबा म्हणाले. "हात तिथंच ऱ्हाऊ दे."

सेनगाव येईपर्यंत मी तो काढला नाही.