गळ्यापर्यंत भरलेला डबा

कबनूरला अण्णा दुसऱ्याच्या यंत्रमागावर बारा तास उभे राहायचे आणि आई घरी कांड्या (मागाला लागणारी सुताची रिळं) भरायची. वीज गेली की दोघांची मजुरीही जायची. त्या घरातली पहिली पदवी माझी. शिडाची होडी चालवायला कॉलेजच्या एनसीसीच्या नौदल पथकात शिकले आणि नोकरी लागल्यावर रत्नागिरीकडच्या एका खाडीतली जुनी, शिडाची पण इंजिनही लावलेली छोटी होडी घेतली. गल्ली हसली. हसू दे.

होडी ताब्यात घ्यायला मामांच्या टेम्पोतून निघालो. कोल्हापुरात इंजिनाचा डबा पेट्रोलनं भरला. मागाच्या तेलाचा डबा गळ्यापर्यंत भरायची आमची सवय. हाही तसाच भरला आणि आदळू नये म्हणून सुताच्या कचऱ्यात गच्च बसवला. मलकापूरला चहा-भजी झाली. आंबा घाट उतरून खाडीवर पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं.

होडी विकणारे हसनचाचा तिथले जुने तांडेल (नाव चालवणारे). त्यांना नमस्कार करून मी डबा कचऱ्यासकट होडीच्या बंद कप्प्यात, बॅटरीशेजारी ठेवला. थोड्या वेळानं चाचांनी झाकण उघडलं आणि भपकारा आला. डबा फुगला होता, बुचाखालून पेट्रोल पाझरून कचरा भिजला होता. त्यांनी धक्क्यावरच्या विड्या विझवायला लावल्या, माणसं लांब केली.

"बेटी, पदवी असेल तुझी. पेट्रोलला ती कळत नाही. आज होडी सुटणार नाही."

मामा म्हणाले, "सोड की नाद. आपण मागावरची माणसं हाय."

"चूक माझी हाय, मामा. पण माघार न्हाय."

मी चाचांना म्हटलं, शिकवा. त्यांनी शिकवलं. उन्हात पेट्रोल फुगतं, म्हणून वर जागा सोडायची. त्याची वाफ वर जात नाही, तळाशी साचते; तिथं एक ठिणगी पुरते. डबा भरायचा तो जमिनीवर ठेवून, आणि होडीत बांधायचा तो मागच्या बाजूला, उघड्यावर, सावलीत. जास्तीचं पेट्रोल त्यांच्या डब्यात काढलं. भिजलेला कचरा लांब मोकळ्यावर पसरला. कप्पा पुसून रात्रभर उघडा ठेवला.

सकाळी चाचांनी कप्प्याच्या तळाशी नाक नेलं, डब्याचा पट्टा ओढून पाहिला आणि दोर सोडला.

 परतताना घाटात मला कुणाला काही पटवायचं उरलं नव्हतं. त्या सकाळी जाताना इंजिनावर आणि येताना शिडावर, ती खाडी मी एकटीनं पार केली होती.